मदत मागायचं बटण

डोंबिवली, ८ मार्च १९९८

आदरणीय धाकूदादांना गोमाजीचा नमस्कार. वहिनींच्या गुडघ्यांना उतार पडला असावा आणि चि. नीला लग्नाच्या खरेदीने बेजार असावी, असं समजून चालतो. मी बरा आहे. (जेवतो, झोपतो, तुमच्या बहिणीने लावलेल्या तुळशीला पाणी घालतो. आता पुन्हा विचारू नका.)

नीलाच्या लग्नात म्हणायचे धवले अजून लिहून पाठवले नाहीत म्हणून तुम्ही फोनवर चिडलात. बरोबरच आहे. सगुणा गेली आणि आपल्या घरचे धवले पुरते येणारी दुसरी धवलारीण उरली नाही. आहेत ते माझ्या कॉम्प्युटरात. ती गायची आणि मी, कोर्टातला निवृत्त टायपिस्ट, उतरवून घ्यायचो. (ती थांबायची नाही आणि मला चूक खोडायला वेळ मिळायचा नाही. शेवटचं वर्ष असं गेलं.) पण आता ती फाईल उघडली, की दोन ओळी दिसतात न दिसतात तोच हेल्पची खिडकी आपोआप उघडते आणि सगळ्या अक्षरांवर येऊन बसते. इंग्रजीत विचारते, तुम्हाला काय हवंय. बंद केली की पुन्हा येते. पत्ते खेळत बसलो तर येत नाही, हे मी तीन दिवस पत्ते खेळून पाहिलं. सगुणाची फाईल उघडली की हजर. खोटं कशाला सांगू, चौथ्या दिवशी मला भीती वाटली.

पुस्तकात लिहिलंय, अडचण आल्यास हेल्पचं बटण दाबा. आता अडचणच हेल्पची, तर दाबायचं काय? शेवटी कॉम्प्युटरवाल्यांच्या माजिवड्याच्या ऑफिसात फोन लावला. वीस मिनिटं सनई ऐकवली (तिकडेही लग्नच असावं), मग एक बाई बोलली. आवाज जरा घोगरा, घाई अजिबात नाही. मी सगळं सांगितलं. तिने वायर विचारली नाही, मॉडेल विचारलं नाही. म्हणाली, "दसऱ्याला पूजा केलेली ना? अक्षता कुठं वाहिलेल्या ते आठवा." आणि फोन ठेवला.

दादा, पूजेचं मी तिला बोललोच नव्हतो. दसऱ्याला सगुणा हळदकुंकू घेऊन आली आणि मला विचारलं, यातलं मदत मागायचं बटण कुठलं? मी दाखवलं. इतकी बटणं सोडून तिने कुंकू नि अक्षता त्या एकाच बटणावर वाहिल्या. ज्याच्याकडे मागायचं त्यालाच हात जोडायचे, असं तिचं सरळ म्हणणं. महिन्याभरात ती गेली. फोन झाल्यावर मी ते बटण चिमट्याने उचकटलं. खाली तांदळाचा एक दाणा, कुंकवाने लाल, घट्ट रुतून बसलेला. तो काढला आणि खिडकी यायची थांबली.

आभार मानायला मी पेढे घेऊन माजिवड्याला गेलो. तिथे फोनवर दौलत नावाचा एकच माणूस बसतो. बाई त्यांच्याकडे कधी नव्हतीच, असं तो म्हणाला. पेढे मात्र त्याने ठेवून घेतले.

सोबत धवल्यांचे सगळे कागद छापून पाठवतोय. वहिनींना नमस्कार, नीलाला आशीर्वाद.

तुमचा
गोमाजी

ता. क. कागद काय, तुमचा मधु येऊन घेऊन गेला असता. पत्र लिहिलं ते आतल्या पुडीसाठी. तिच्यात तो दाणा आहे. लग्नाच्या अक्षतांत मिसळा. आत्याची तेवढी एक अक्षता नीलाच्या डोक्यावर पडू दे.

ता. क. २. पाकीट चिकटवायला घेतलं आणि खिडकी पुन्हा उघडली. पुडी माझ्या हातात आहे, दाणा पुडीत आहे, मी बघितलं. विचारतेय, तुम्हाला काय हवंय. या वेळी मी बंद केलेली नाही. पाकीट पेटीत टाकून येतो आणि मग सांगायला बसतो.