दोर्साफच्या मेंदूचा फोटो

महदिया, ४ मार्च १९९८

ती. मोन्जियाताईस,
धाकट्या हायेतचा सलाम, वि. वि.

माझा पाय प्लास्टरात, म्हणून दोर्साफला तिच्या अब्बांबरोबर ट्युनिसला पाठवतेय. तिच्यासारख्या, जन्मतःच अठराव्या गुणसूत्राचा तुकडा नसलेल्या मुलांच्या मेंदूचे फोटो तिथल्या डॉक्टरीणबाई काढताहेत. इथले रेशमाचे विणकर ताहर उस्ताद म्हणतात, डॉक्टरांचा कागद आणा, मग पोरीला मागावर बसवू. सतरा वर्षांची झाली, पण माग बघून आली की जेवण सुचत नाही तिला. ‘हिला जमणार नाही’ असंच फोटोत निघालं तर?

आणि जपून राहा. परवा तिने शेजारणीच्या चहात मीठ घातलं आणि चेहरा इतका साळसूद ठेवला की मी शेजारणीलाच रागावले.

लोभ माझ्यापेक्षा पोरीवर थोडा जास्त असू दे.
तुझी हायेत

ट्युनिस, १२ मार्च

चि. हायेतला अ. आ.

तुझ्या लेकीने अट घातली, आधी बशीरकाका यंत्रात जाणार. तुझे मेहुणे जन्मभर पोलिसात, ऐटीत आडवे झाले. यंत्र खडखडलं मात्र, पायमोज्यांवरच बाहेर पळाले! पोरगी पोट धरून हसली आणि मग पाऊण तास दगडासारखी पडून राहिली.

फोटो पाहून डॉक्टर लमियाबाई म्हणाल्या, मेंदूतल्या तारांवर जे पांढरं वेष्टण चढतं, ते हिचं अर्धवटच राहिलंय. निरोप उशिरा पोचतात, बारीक कामाला बोटं चालायची नाहीत. कागदावर तसं लिहिलंही.

एवढं बोलून बाई उठल्या, तर खुर्चीही त्यांच्यामागे निघाली! डगल्याचे बंद दोर्साफने खुर्चीला बांधले होते. सात गाठी, एकीखाली एक, अगदी सारख्या. दोन नर्सना सुटेनात. शेवटी तिनेच सोडवल्या. मी शरमेने मेले. बाई मात्र तिच्या बोटांकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, फोटो खोटा नाही, पण ही बोटं त्यात दिसत नाहीत. मग शेवटची ओळ खोडून त्यांनी गाठींची हकीकत लिहिली.

पाय जप, आणि आम्हा म्हाताऱ्यांना विसरू नकोस.
तुझी ताई

महदिया, ३ एप्रिल

ती. ताईस सलाम, वि. वि.

ताहर उस्तादांनी कागद दोनदा वाचला आणि पोरीला आठवडाभर बसवून पाहिलं. बाकीच्या मुली हातभर विणतात तेवढ्यात हिचं वीतभर होतं. उस्तादांनी ते वीतभर कापड उजेडात धरून चूक शोधली. सापडेना. मग म्हणाले, सोमवारपासून कायमची ये.

दोर्साफने विचार करून सांगितलं की सोमवार फार लांब आहे, आणि जागची हललीच नाही. संध्याकाळी मला कुबडीवर जाऊन तिला ओढून आणावं लागलं. वाटभर मी तिला रागे भरत होते, आणि ताई, रडतही होते.

मेहुण्यांना सलाम. माया आहे तशीच राहू दे.
तुझी हायेत