दोन डोळ्यांचा शेंदरी

८ एप्रिल, अकोट
डॉक्टरची परवानगी मिळाली, भट्टी पेटवली. उजवा डोळा मोतीबिंदू काढून नवाकोरा. सगळं धुऊन पुसून ठेवल्यासारखं. मंदाच्या चेहऱ्यावरचा तीळ दिसला, तसं म्हणालो. "इतले दिवस आंधळ्यासंग संसार केला का म्या?" – ती. मजा आली.

११ एप्रिल
हिवरखेडचे रामभाऊ विळा परत घेऊन आले. धार वळलेली. "मिस्त्री, हा विळा हाय का पोळी?" हसत म्हणाले, पण माझं तोंड उतरलं. लोखंड शेंदरी झाल्यावरच पाण्यात बुडवलं होतं. लवकर बुडवलं तर मऊ राहतं, हे मला कोणी सांगायचं?

१२ एप्रिल
भांडणातून उलगडा. विळा शेंदरी दिसला, सांडशीनं उचलला. भट्टीच्या पंख्याजवळून मंदा, "अजून नाई झाला! काहून घाई करून राहिले? तुमी त नेहमी केशरी झाल्यावर काढता."
केशरी? जन्मभर शेंदरीवर काढतोय मी! रागानं उजवा डोळा झाकला. डाव्यातून विळा नुसता लाल; नव्या डोळ्याला शेंदरी लवकरच दिसतो. म्हणजे जुन्या, मळक्या डोळ्याचा शेंदरी तोच हिचा केशरी. एवढी वर्षं एका भट्टीसमोर, आणि रंगाचं नाव एकमेकांना कधी विचारलं नाही.

१५ एप्रिल
लेकीनं अमरावतीहून तापमान मोजायचं पिस्तूल पाठवलं. चहावर चालतं, मंदाच्या कपाळावर चालतं. तापल्या लोखंडापुढं त्यानं हात टेकले, मोजायची हद्दच संपली. लेकीला मात्र "छान आहे" कळवलं.

१९ एप्रिल
अकोल्याला डॉक्टर. डाव्या डोळ्याचाही मोतीबिंदू लवकर काढायचा म्हणतात. मी हो म्हणालो. बसमध्ये भीती वाटली. माझा शेंदरी फक्त त्या डोळ्यात उरलाय.

२३ एप्रिल
नव्या डोळ्याची शिकवणी. डावा झाकून रंग ठरवायचा, मग उजवा झाकून डाव्यानं खात्री, मगच पाणी. मंदा मधूनच "आता!" ओरडते. बरेचदा तिचंच बरोबर. थंड विळ्यावर कानस घसरली की कडक, म्हणजे पास; रुतली की मऊ, नापास. दुपारी दोघं पोट धरून हसलो, कारण काय ते आता आठवत नाही. दिवस चांगला गेला.

३० एप्रिल
उद्या पहिल्या एस.टी.नं अकोला, डाव्या डोळ्याच्या ऑपरेशनला. आज दिवसभर डाव्या डोळ्यावर दुपट्टा. विळे चांगले उतरले. शेवटच्या एकात मात्र कानस रुतली. काहून, कळलं नाही.
मंदा आवरायला लागली. मी दुपट्टा सोडला, उजव्या डोळ्यावर हात धरला आणि एक बिनकामाचा तुकडा तापवला. घण उचलला नाही. बघत बसलो, तो काळा पडेपर्यंत.
"काय पाहून राहिले?"
"शेंदरी."
तिनं सांडशीनं तो तुकडा परत निखाऱ्यात ठेवला आणि पंखा सुरू केला.
"पाहा अजून एकदा."