पूल संपत नव्हता ती दुपार

आई, संध्याकाळपर्यंत मला पुरवणीसाठी लेख द्यायचा आहे. आठवणींचं लिखाण असो, सिनेमा असो की मुलांचे गेम, गोष्ट आपल्याला धरून का ठेवते, हा विषय. इतकी वर्षं मजकूर वेळेत देत आले; आज पहिल्या ओळीवरच अडले आणि तुझ्याशी बोलत बसले. तुझी नात शेजारी गेम खेळतेय. तिचा खेळाडू कधीचा एका दारासमोर उभा आहे. "उघड ना," म्हटलं, तर म्हणाली, "नहीं मम्मी, अंदर उसका भाई मर गया होगा तो?"

रायपूर नुकतंच राजधानी झालं होतं. गुढियारीतल्या स्वयंपाकघरात तू पोळ्या करतेयस आणि पाऱ्यातल्या, म्हणजे आपल्या मोहल्ल्यातल्या, बायकांसोबत पाहून आलेलं पिक्चर आम्हाला सांगतेयस. जो पाहून येईल त्यानं घरी सांगायचं, ही आपली रीतच. तेवढ्यात शेजारच्या काकू तुला दारात बोलावतात. "वहिनी, सिलतऱ्याले लोखंडाच्या कारखान्यात भट्टी फुटली म्हणून राहिले. भाऊजी त्याच पाळीत हायेत ना?" तू परत येतेस तेव्हा तव्यावरची पोळी करपलेली असते.

"काय झालं?" धाकटा विचारतो.

"काही नाही. कुठं होतो आपण?"

"हिरो पुलावर."

"हव. तर पूल लय लांब होता..."

तो पूल संपतच नाही. हिरोला भाऊ निघतो, भावाला दुश्मन. मी "मग?" म्हणते, तू पुढे सांगतेस. बाहेर सायकल वाजली की थांबतेस; ती पुढे गेली की पुन्हा सुरू.

"आई, हा तर मघाशी मेला होता!"

"तुले काय मालूम, पोट्ट्या? मेला असं वाटलं होतं सगळ्याइले."

कणीक संपली तरी तू रिकाम्या पोळपाटावर लाटणं फिरवत होतीस. मग बाबा दारात उभे. अंगभर काळी धूळ, हाताला फडकं बांधलेलं.

"इतका उशीर काहून?"

"रस्ता बंद होता. मंत्र्याच्या गाड्या जाऊन राहिल्या होत्या."

तू आमच्याकडे वळलीस. "मग तो घरी आला. संपलं पिक्चर."

"हा काय शेवट झाला?" धाकटा चिडला.

पुढे नातेवाइकांना तू ही हकीकत अभिमानानं सांगायचीस. "पोट्ट्याइले कळूच नाही दिलं मी." तू असेपर्यंत तुझा तो समज मोडायला माझं मन झालं नाही, आणि लेखातही हे जाणार नाही. पण दारातलं मी सगळं ऐकलं होतं, आई. पिक्चरमध्ये माझं लक्षच नव्हतं. तू गप्प झालीस तर ते खरं ठरेल, या भीतीनं मी "मग?" म्हणत होते.