तेवढंच सांगायचं होतं

शांती नगर, मीरा रोड
ता. ९ फेब्रुवारी २०२५

प्रिय मनोरमा मावशीस,

रसिकाचा सप्रेम सलाम. वि. वि. तुझं पत्र पोचलं. फोनवर तुला ऐकू येत नाही आणि कानातलं यंत्र तू डब्यात जपून ठेवतेस, म्हणून पत्रच लिहितेय. अनुष्काची दहावी बारा दिवसांवर आलीय. मी रोज रिक्षाने भाईंदर पश्चिमेला दाताच्या दवाखान्यात जाते, पेशंटांच्या वेळा लिहून घेते, घरी येते. निकेतला जाऊन सहा महिने झाले. रडू आलं का, असं तू विचारलंस. नाही आलं. इंजेक्शन दिल्यावर आमचे पेशंट गाल चाचपून बघतात, जागेवर आहे ना म्हणून. माझं तसं चाललंय.

तुला कधी लिहिलं नाही ते आज लिहिते. निकेत आयसीयूत होता त्या रविवारी आमच्या चर्चच्या मंडळीतले काशीनाथकाका उपासनेत उभे राहिले. दहा मिनिटं बोलले. गरुड, नद्या, सात दारं दिसली म्हणाले. शेवटी म्हणाले, परमेश्वर असं म्हणतो की निकेत आपल्या पायांनी घरी येईल. मी ते धरून बसले. बुधवारी अनुष्का बाबांना भेटायचं म्हणत होती. मी तिला चाचणी परीक्षेला पाठवलं, बाबा घरी येणारच आहेत असं तिला सांगितलं. गुरुवारी पहाटे तो गेला. नंतर कुणीतरी माझाच विश्वास कमी पडला म्हणालं. काका काहीच म्हणाले नाहीत. तेव्हापासून ते दाराशी, चपलांच्या बाजूला बसतात आणि शेवटच्या गीताआधी निघून जातात.

आज गीत चालू असताना माझ्या मनात एक वाक्य आलं. काशीनाथला सांग, मी तुला टाकलेलं नाही. अंगावर काटा नाही, डोळ्यांत पाणी नाही. दुधाची पिशवी आणायची आठवण यावी तसं आलं. मी उभी राहिले नाही. त्या माणसासाठी मी का उभं राहायचं? तू तुमच्या मंडळीत इतकी वर्षं प्रभूकडून आलेले संदेश दिलेस, म्हणून तुला विचारतेय.

उत्तराची वाट बघतेय. माया आहे तशीच ठेव.

तुझी
रसिका


संगमनेर
ता. १८ फेब्रुवारी २०२५

चि. रसिका हिस,

मावशीचे अनेक आशीर्वाद. पाकिटावर हाताने सवयीने सौ. लिहिलं आणि मग खोडलं. तेवढं मनाला लावून घेऊ नकोस. यंत्राचं म्हणशील तर ते लावलं की शेजारची मंदा दिवसभर ऐकू येते, त्यापेक्षा डबा बरा.

अनुष्काचं वाचून मी पत्र खाली ठेवलं. आधी माझं सांगते. आमच्या इथे एका बाईला मूल नव्हतं. प्रार्थनेत मला तिच्यासाठी एवढंच मिळालं होतं की प्रभूला तुझं नाव ठाऊक आहे. मला ते फार लहान वाटलं. मी पुढे माझ्या पदरचं जोडलं की वर्षाच्या आत तुझी कूस उजवेल. ती अकरा वर्षं वाट बघत राहिली. रस्त्यात भेटली की हसायची, आणि मी दुसऱ्या गल्लीने जायचे. तिची माफी मागायला मला अकरा वर्षं लागली.

अंगावर काटा आला नाही म्हणून वाक्य खोटं ठरत नाही, आणि आला म्हणून खरं ठरत नाही. ते येशूच्या स्वभावाला शोभतं का, ते बघ. मला तरी शोभतंसं वाटतं. आधी पाळकांना सांग. ते हो म्हणाले तर उभी राहा, जेवढं मिळालंय तेवढंच रोजच्या बोलीत सांग आणि बस. देवाचा आवाज काढू नकोस. मला असं वाटतं, तुम्ही पारखून घ्या, असं म्हण. आपलं मीठ घालू नकोस, गोडही नको आणि तिखटही नको. तुझं मन होत नसेल तर सांगू नकोस. मी तुला कमी लेखणार नाही.

पोरीला परीक्षेत रोज काहीतरी गरम करून घाल. तुझ्यासाठी गुडघे टेकतेच आहे, दुखतात तरी.

तुझी
मनोरमा मावशी


शांती नगर, मीरा रोड
ता. २६ मार्च २०२५

प्रिय मावशीस,

सप्रेम सलाम. वि. वि. उशीर झाला. अनुष्काची परीक्षा संपेपर्यंत मी थांबले. पाळकांना सांगितलं. ते म्हणाले, तुला जमणार असेल तर सांग.

या रविवारी उभी राहिले. माईक घेतला नाही. म्हटलं, काशीनाथकाका, मला असं वाटतं की प्रभू तुम्हाला सांगतोय, मी तुला टाकलेलं नाही. सगळ्यांनी पारखून घ्यावं. आणि बसले. अर्धं मिनिटही लागलं नसेल.

काका दाराशीच उभे राहिले. त्यांनी विचारलं, रसिका, हे तू म्हणतेस की तो म्हणतो? मी बसल्या जागेवरून सांगितलं की माझं असतं तर वेगळं असतं. माझ्याकडून तो बुधवार अजून सुटलेला नाही.

मग ते पुढे आले. त्या रविवारी आपल्याला फक्त एवढंच मिळालं होतं म्हणाले, की निकेतच्या घरच्यांजवळ जाऊन बस. मंडळीसमोर उभं राहून सांगण्याजोगं ते वाटलं नाही, म्हणून बाकीचं सगळं आपण जोडलं. निकेत आपल्यालाही जगायला हवा होता. एवढं सांगून ते परत जागेवर गेले. कुणी आमेन म्हटलं नाही. पाळकांनी पुढचं गीत घ्यायला सांगितलं. काका या वेळी शेवटपर्यंत थांबले.

काल संध्याकाळी ते घरी आले. मी बोलावलं नव्हतं. अनुष्काने दार उघडलं. मंडळीतल्या कुणाशी ती ऑगस्टपासून बोललेली नाही, पण आत घेतलं. काकांनी तिलाही तेच सांगितलं. तिने शांतपणे ऐकलं. मग म्हणाली, तेव्हा तुम्ही तेवढंच सांगितलं असतं, तर बुधवारी मीपण बाबांजवळ बसले असते. मी स्वयंपाकघरात उभी होते. मला वाटलं, आता ते देवाची इच्छा वगैरे म्हणतील. ते फक्त हो म्हणाले.

तासभर बसले. चहा झाला. टीव्ही लावला नाही, प्रार्थनाही केली नाही. मला अजून रडू आलेलं नाही, मावशी, तुला खोटं कशाला लिहू? पण तो तासभर कुणी उठून जावं असं वाटलं नाही. चपला घालताना त्यांनी विचारलं, पुढच्या मंगळवारी येऊ का? मी काय सांगावं याचा विचार करत होते, तेवढ्यात आतून अनुष्का म्हणाली, या.

तू गुडघे जप. आमच्यासाठी बसूनच प्रार्थना कर, चालते. आठवण राहू दे.

तुझी
रसिका