पुठ्ठ्याआडचा शेवट

२२ नोव्हेंबर २०२५, शनिवार

सिनेमा दाखवला. सहावी ते आठवी, हॉलमध्ये सतरंज्या टाकून. बॉम्बनी पडलेलं शहर, त्यातली आठ वर्षांची मुलगी. आई पाव आणायला जाते, मुलगी फुटक्या जिन्यावर दोन कप मांडून वाट बघते. आई येत नाही. शेवटी कोणी तरी तिची नुसती शाल आणून देतं.

मी आधी पाहिला होता. पोरांना हे कशाला? शाल दिसली तसा आवाज बंद केला आणि प्रोजेक्टरसमोर पुठ्ठा धरला. माझी नेहमीची पद्धत! आमचा शिपाई गोपाल मागून म्हणतोच, "आलं सेन्सॉर बोर्ड!"

"संपला. रांगेनं चला!"

शगुफ्ता रांग सोडून आली. सहावीतली, गॅरेजवाल्या नासिरची. "मॅडम, तिची अम्मी आली का?"

"आली. चल, रांगेत."

२३ नोव्हेंबर

का बोलले?

शगुफ्ताची आई, शबाना, गेल्या वर्षी पुसदला माहेरी गेली ती गेलीच. दुसरा निकाह झाला. नव्या घरात पोर नको. अख्ख्या आर्णीला ठाऊक, त्या एकटीला सोडून. तिला आधी सांगितलं — बकरीदला येईल. मग — दिवाळीच्या सुट्टीत. आता त्यात माझं "आली"!

२६ नोव्हेंबर

तिची आजी सुग्राबी शाळेत आली. बसलीसुद्धा नाही.

"काय सांगतलं वो मॅडम तुमी पोरीले? शाळा सुटली का स्टँडवर जाते, पुसदच्या गाडीची वाट पाह्यत बसते."

मी म्हटलं, मी सिनेमाबद्दल बोलले होते.

"लेकरू हाय थे. तिले काय सिनेमा अन् काय घर!"



जुलैत ह्याच पोरीला मी वर्गासमोर उभं केलं होतं. वही घरी राहिली म्हणाली, दप्तरातच निघाली. "मी खोटं बोलणार नाही" — पन्नास वेळा लिहून घेतलं. वर शेरा मारला, अक्षर सुधार.

२७ नोव्हेंबर

गॅरेजवर गेले. नासिर चिंधीला हात पुसत राहिला, पुसून झाले तरी.

"रोज ठरवतो मॅडम. तिचं तोंड पाह्यलं का जीभच उचलत नाही. तुमीच सांगा ना. तुमचं ऐकते थे."

हो म्हणाले. दुपारी ऑफिसात बोलावलं. पोर समोर उभी राहिली — आणि मी तिला नखं वाढली म्हणून रागावले!

बत्तीस वर्षं शिकवते आहे. इतकी भित्री असेन असं वाटलं नव्हतं.

२८ नोव्हेंबर

आजही नाही. साडेपाचची पुसद गाडी. ती बाकावर, मी पानठेल्याआड. शेवटचा माणूस उतरेपर्यंत बघत होती.

२९ नोव्हेंबर, शनिवार

शाळा सुटल्यावर थांबवलं. ठरवलं होतं, आधी सिनेमाचा खरा शेवट दाखवायचा, मग बाकीचं. लॅपटॉप लावला. ती तिकडे बघेचना.

"मी पाह्यला मॅडम. पुठ्ठा लहान होता. बाजूनं भिंतीवर दिसत होतं. शाल आली, अम्मी नाही आली."

"मग मला कशाला विचारलंस?"

"तुमी आली म्हणल्या. तुमी खोटं नाही बोलत." नखांकडे बघत म्हणाली. कापलेली होती. "मले वाटलं, माह्याच डोळ्यानं चुकीचं पाह्यलं."

"नाही. तुला बरोबर दिसलं होतं."

मग — "अन् माह्यी अम्मी?"

सांगितलं.