पियानोतली पन्नासची नोट

पप्पा, तुम्हाला जाऊन चौदा वर्षं झाली आणि मी अजून तुमच्याशी भांडतेच आहे. आज सकाळी घरातल्या जुन्या पियानोच्या मधल्या तीन पट्ट्या परत अडकल्या. दाबल्या की खालीच बसतात. दुरुस्तीवाल्याने आत बघितलं आणि दर वेळचा प्रश्न विचारला, “मॅडम, ह्याच्यात तेल कोणी घातलं?” मीही दर वेळचं उत्तर दिलं. वडिलांनी.

ते दिवस आठवा. मी नऊ वर्षांची आहे. तुम्ही अंबरनाथच्या कारखान्यात फिटर, आणि तिथल्याच एका साहेबांच्या बायकोकडे मी पियानो शिकते. उल्हासनगरच्या एका सिंधी फर्निचरवाल्याकडे हा पियानो धूळ खात पडलेला. “ले जाओ साईं, मेरी आधी दुकान खा गया ये बाजा,” तो म्हणाला. टेम्पोत घालून, चार मित्र जमवून तुम्ही तो हेंद्रेपाड्याला आपल्या घरी आणलात, आणि त्याच रविवारी मशिनच्या तेलाची बुधली घेऊन त्याच्यासमोर बसलात. शिकवणाऱ्या मॅडमनी बजावलं होतं की आत हात लावू नका. आई म्हणाली, “अहो, कोणाला विचारा तरी.” तुम्ही म्हणालात, “वीस वर्षं मशिनं सांभाळतोय. हलतंय ना? मग तेल लागणारच.” लाकूड फुगलं, पट्ट्या अडकल्या, आणि किती तरी महिने मी त्या पट्ट्या चुकवून वाजवत होते. चूक झाली एवढं तुम्ही एकदाही म्हणाला नाहीत. वापरून मोकळं होईल, म्हणालात.

तेलाचं मी सोडून दिलं असतं. पण मुंबईतल्या त्या कार्यक्रमाचं सुटत नाही. शिष्यवृत्तीवर परदेशात शिकून आले, तिथे थोडेफार कार्यक्रमही केले, पण आपल्याकडे मोठ्या सभागृहात मी एकटी वाजवणार, हे पहिल्यांदाच. मी तुम्हाला घरी दोनदा समजावलं होतं. एकाच रचनेचे तीन भाग असतात, मधे थांबले तरी कोणी टाळ्या वाजवत नाही, सगळं संपून मी उभी राहिले की मग वाजवायच्या. तुम्ही मान डोलावली. तिसऱ्या रांगेत आईशेजारी बसलात, भीमजयंतीला घालायचा पांढरा शर्ट घालून.

पहिला भाग संपतो. मी हात मांडीवर ठेवते. आणि डाव्या बाजूच्या पायऱ्यांवर चपलांचा आवाज येतो. तुम्ही सरळ स्टेजवर येता, खिशातून पन्नासची नोट काढून पियानोच्या कडेवर ठेवता, छातीला हात लावता आणि परत जाता. वस्तीत भीमगीतांच्या कार्यक्रमात गाणं चालू असताना गायकाला बक्षीस देतात ना, अगदी तसं. टाळ्या वाजवू नका सांगितलं होतं, त्या तुम्ही वाजवल्या नाहीत! मागे कोणीतरी हसलं. मी दुसरा भाग सुरू केला. तो संथ आहे, सगळ्यात अवघड तोच. एसीच्या वाऱ्याने नोट सरकली आणि उघड्या झाकणाखाली आत तारांवर पडली. मग प्रत्येक खालच्या सुराबरोबर खरखर, शेवटपर्यंत.

कार्यक्रम संपल्यावर स्टेजमागच्या खोलीत तुम्ही आलात तेव्हा तुमचा चेहरा फुललेला होता. “एक नंबर वाजवलंस. फक्त मधे आवाज फाटत होता. मशिनमध्ये काहीतरी ढिलं आहे, बघायला सांग.”

“पप्पा, ते तुमचे पन्नास रुपये होते,” मी म्हणाले. “ह्यापुढे माझ्या कार्यक्रमाला येऊ नका.”

आई “अगं” म्हणाली. तुम्ही म्हणालात, “बरं.”

आणि तुम्ही खरंच ऐकलंत. उभ्या आयुष्यात कोणाचं न ऐकलेल्या माणसाने नेमकं हे ऐकलं, ह्याचा मला सगळ्यात जास्त राग आहे. पुढची बारा वर्षं प्रत्येक कार्यक्रमाला माझी बॅग उचलून गेटपर्यंत आलात आणि वॉचमनच्या शेजारी खुर्ची टाकून बसलात. मी रागात बोलले होते, चला आत, असं मी किती वेळा म्हटलं. “नको गं. माझा हात शांत बसत नाही,” तुम्ही म्हणायचात. एकदा हात धरून ओढलं, तर वॉचमनसमोर म्हणालात, “तू ड्यूटीवर जा. मला इथे चहा मिळतो.” वॉचमन हसला. मी चिडून आत गेले. शेवटपर्यंत तुम्ही आत आला नाहीत, ते नाहीच.

गेल्या रविवारी अंबरनाथला माझ्या विद्यार्थ्यांचा कार्यक्रम होता. दहा वर्षांची एक मुलगी वाजवत होती आणि मधेच तिची आजी उठली, हातात नोट. मुलीची आई मागून दबक्या आवाजात ओरडली, “आई, बसा ना! संपू दे की!” मीही आजीला अडवायला उठले. तोवर म्हातारी स्टेजवर पोहोचली होती. मुलीने डावा हात चालू ठेवला, उजव्या हाताने नोट घेतली, कपाळाला लावली, मांडीखाली सारली आणि पुढे वाजवू लागली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. काहीही बिघडलं नाही. मी उभीच होते, मग खाली बसले. एवढंच करायचं होतं मला. सत्तावीस वर्षांची होते, परदेशात शिकून आले होते, आणि एवढं सुचलं नाही. पण तुम्हीही माझ्या एका वाक्यावर बारा वर्षं बाहेर बसायचं काय कारण होतं?

हे पत्र कुठे पाठवणार? पण जे मला गेटवर तुम्हाला सांगता आलं नाही, ते इथे लिहून ठेवते. पहिला भाग संपला की मी गरजेपेक्षा जास्त थांबते. लोकांना वाटतं, मी मन एकाग्र करते. मी डावीकडच्या पायऱ्यांकडे बघत असते. तुम्ही बाहेर चहा पीत बसलेले असायचात तेव्हाही बघायचे, अजूनही बघते. कोणी येत नाही, मग चिडूनच दुसरा भाग सुरू करते.