निळा बॉल अन् नागपूरचं तेल

बालाघाट,
पोळ्यानंतरचा सोमवार

तीर्थस्वरूप पौर्णिमाताईले,

धाकट्या पियुषचा तुमसरच्या दिशेनं वाकून नमस्कार. (तुही भावजय नूतन म्हणते तुमसर तिकडं नाही, मांगं आहे. म्हणून फिरून अजून एक केला.) महेंद्रभाऊजींचा गुडघा कसा आहे? जिना चढते का अजून खाली बसूनच हाका मारते? इकडं आई ठणठणीत आहे, नूतन आपल्या कामात आहे, धानाले पाणी पुरलं, दुकान चालू आहे, अन् मी कुठं आहे ते मलेच नक्की सांगता येत नाही. शरीर बालाघाटात आहे एवढं खरं.

तुह्याकडून काही पाह्यजे म्हणून हे पत्र नाही, हे आधीच सांगून ठेवतो. मन भरून आलं की माणसानं बहिणीले लिहावं, एवढंच. (फोनवर तू मधातच मुद्द्याचं बोल म्हणते. कागद तसं म्हणत नाही.)

दुलीचंदभाऊनं आपल्या जुन्या तांदळाच्या गोदामात बॉलिंगच्या दोन लेन टाकल्या, टोकाशी पाडाले दहा पिना उभ्या केल्या, तवा आपण दोघं पहिले गिऱ्हाईक होतो, हे तू विसरली नसशील. तू लग्न होऊन गेली अन् मी एकटा उरलो. रोज दुपारी, दुकानात कोणी नसते त्या टायमाले, मी तिथं जातो. झरोक्यातून ऊन येते, शेजारच्या मिलचा कोंडा त्या उन्हात तरंगत राहते, बॉल घसरावा म्हणून लावलेल्या तेलानं लेन चमकते. बॉल हातातून सुटला की मी पिना पाह्याचंच विसरतो. तो चालला आहे, चालला आहे, अन् मले वाटते त्यानं पोचूच नाही. दुलीचंदभाऊ मांगून विचारते, किती पडल्या? मी म्हणतो, तुमीच पाहून सांगा. अशा माणसाच्या मनात एकच हट्ट बसला आहे, ताई. नागपूरच्या स्पर्धेत, त्या मोठ्या बोर्डावर, नावापुढं ‘बालाघाट’ लिहिलेलं एकदा वरच्या रांगेत दिसलं पाह्यजे. बाकी आयुष्याबद्दल माही काही तक्रार नाही.

त्यासाठी स्वतःचा बॉल लागते. तिथल्या हॉलचे बॉल साऱ्यांच्या बोटांचे, म्हणजे कोणाच्याच नाही. म्हणून नागपूरच्या दुकानात गेलतो. तिथं बॉल बिनभोकाचा मिळते. आपला पंजा मोजून मंग त्याले तीन बोटांची भोकं पाडते. दुकानदार भला माणूस. त्यानं बसवून समजावलं, की खरबरीत अंगाचा बॉल तेलात पकड धरते अन् जोरात वळते, गुळगुळीत अंगाचा सरळ घसरत जाते, तर तुमच्या लेनवर तेल किती राहते? मी म्हटलं, दुलीचंदभाऊ टाकते तेवढं. पण माहं लक्ष तिथं नव्हतंच. वरच्या फळीवर एक निळा बॉल होता, खोल निळा, आतून पांढुरकी धार गेलेली. संध्याकाळी पुलावरून वैनगंगा दिसते तसा. दुकानदार सांगत होता हा साऱ्यात खरबरीत आहे, तेल जास्त असंल तवाच काढा, सोबत एक गुळगुळीतही ठेवा. मी हौ हौ म्हटलं अन् निळा तेवढा घेऊन आलो. (बसमध्ये त्याले खिडकीजवळ बसवलं. कंडक्टरनं त्याचं तिकीट मागितलं नाही.)

स्पर्धेच्या सकाळी तो असा वळत होता, ताई, काय सांगू. उजव्या काठानं निघे, वाटे की आता नालीत जाते, अन् मंग काही आठवल्यासारखा डावीकडं फिरून बरोबर पुढच्या पिनेच्या अंगावर. जेवाले बसलो तवा बोर्डावर बालाघाट चवथं होतं. त्या शब्दाकडं पाहत पाहत मी दोन पोळ्या जास्त खाल्ल्या. दुपारून तोच बॉल, तोच हात, तीच जागा, अन् तो अर्ध्यातच वळून पार डाव्या नालीकडं जाऊ लागला. मले वाटलं नाराज झाला. पुसला, फुंकर घातली. (एकदा त्याच्याशी बोललो पण. शेजारच्या लेनवरच्या पोरीनं ऐकलं.) खरी गोष्ट अशी, की साऱ्यांचे बॉल एकाच वाटेनं जाऊन जाऊन तिथलं तेल उडून जाते. तेल डोळ्याले दिसत नाही अन् गेलेलंही दिसत नाही. तवा आपण डावीकडं सरकून, जिथं तेल शिल्लक आहे तिथून बॉल सोडाचा, नाहीतर गुळगुळीत बॉल काढाचा. दुलीचंदभाऊच्या लेनवर मी एकटाच, तिथं तेल कोण उडवते? मले हे कोणी सांगतलंच नव्हतं. (दुकानदारानं सांगतलं असंल. मी निळ्याकडं पाहत होतो.) मी त्याच जागी पाय रोवून उभा राह्यलो अन् बालाघाट एकेक रांग उतरत शेवटून दुसरं झालं. शेवटचा होता तो ताप आला म्हणून जेवणाआधीच घरी निघून गेलता.

घरी येऊन हे सारं आईले सांगत होतो. नूतन तिथंच बरबटीच्या शेंगा मोडत बसली होती. तिनं मान वर न करता विचारलं, की ज्या वाटेनं सारे जाऊन राह्यले तिथूनच तुमी काहून टाकत होते? मी म्हटलं, तुले या खेळातलं समजत नाही. ती पुन्हा शेंगा मोडू लागली.

आता पुढच्या महिन्यात जोडीची स्पर्धा आहे. यंदा नाही जमलं तर खेळणंच सोडतो, असं दुलीचंदभाऊजवळ बोलून बसलो आहे. दुपारचं ते ऊन, तो कोंडा, तो बॉलचा आवाज, सारं सुटंल. पण ते जाऊ दे. भाऊजींले नमस्कार सांग, गुडघ्याले एरंडाचं पान बांध.

तुहा धाकटा,
पियुष

ता. क. जोडी म्हणजे एक बाई अन् एक माणूस, असा नियम निघाला. बालाघाटची बॉल धरलेली बाई मले तूच एक ठाऊक आहे. तुहं नाव देऊन टाकलं. रागावू नोको.

दुसरा ता. क. तुह्यासाठी गुळगुळीत बॉलही आणून ठेवला आहे, लाल, तुह्याच मापाचा. माप कुठून आलं विचारशील. आपल्या दोघांची लग्नं एकाच मांडवात झाली, तवा तू जाताना दाराशी भिंतीवर हळदीचा पंजा उमटवला होता, तो आईनं अजून रंगवू दिला नाही. त्यावर कागद ठेवून पेन्सिल फिरवली अन् दुकानदाराले दिला. तो म्हणे, भिंतीवरून मी आजवर बॉल केला नाही. पण केला.

तिसरा ता. क. पाकीट चिकटवाचंच होतं, तेवढ्यात आईनं लाल बॉलची हकीकत ऐकली, म्हणून हे पत्र दोन दिवस घरीच राह्यलं. आई म्हणे, दाराशी पंजे दोन आहेत. जाणाऱ्या लेकीचा बाहेरच्या अंगाले, येणाऱ्या सुनेचा आतल्या. दोन्ही तुहेच समजून, बाहेर ऊन लागे म्हणून मी आतला उतरवला होता. नूतननं पदराले हात पुसले अन् बॉलमध्ये बोटं घातली. तिन्ही अशी बसली की आई पाहतच राह्यली. मंग आम्ही दुलीचंदभाऊकडं गेलो. तिचा पहिला बॉल नालीत गेला. मी काही सांगाच्या आधी तिनं आपणहून जागा बदलली, अन् दुसऱ्यात दोन पिना सोडून साऱ्या पडल्या. वापस येताना तिनं विचारलं.

“सारं बालाघाट धुंडलं, तुमसरले चिठ्ठी लिहिली. मले काहून नाही विचारलं?”

ताई, मले लाज वाटली. रोज ज्या पंजाजवळ उभा राहून जोडे घालतो, तो कोणाचा आहे हेही मले ठाऊक नव्हतं. तुहं नाव खोडून तिचं लिहून आलो. तू मात्र येच, पहिल्या गाडीनं ये. तिले शिकवाले कोणी पाह्यजे अन् माह्याकडून ती शिकत नाही. म्हणते, तुमी तर हरून आले.